पहिलवानाचा दुसरा डाव

नागपंचमी जवळ आली की गावच्या आखाड्यातली माती उकरली जाते, तिच्यात तेल-ताक मुरते आणि डफड्याचा आवाज शिवारापर्यंत ऐकू येतो. वर्धा जिल्ह्याला दंगलीचा शौक जुना आहे. शेतकरी बंधूंनो, पोरगा लाल माती अंगाला लावून घरी आला की बापाची छाती फुगते. माय मात्र दुधाचा हिशेब करता करता विचारते, "हे सारं खरं, पण पुढं काय?"

मायचा प्रश्न रास्त आहे. विसाव्या वर्षी अंगात हत्तीचे बळ असते. पस्तिशीत गुडघे बोलू लागतात. शेताला दुसरे पीक घेता येते, तसे पहिलवानालाही दुसरे पीक हवे.

खाशाबा जाधवांचेच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या शेतकरी घरातला हा मल्ल. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. प्रवासखर्चासाठी गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. परत आल्यावर गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण मिरवणुकीवर चूल पेटत नाही. १९५५ मध्ये ते पोलिस खात्यात फौजदार झाले, तेव्हा पोटाची सोय लागली. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

दुसरे पीक नोकरीचेच असावे असे नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या मैदानात शंकर पुजारी यांचे नाव ठाऊक नाही असा कुस्तीशौकीन विरळा. तालमीतला हा माणूस पुढे निवेदक म्हणून गाजला. निवेदन म्हणजे नुसते ओरडणे नव्हे. मल्ल कोणाचा, कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, हे सांगावे लागते. एकेरी पट निघाला की ढाक बसली, हे पापणी लवायच्या आत ओळखावे लागते. ज्याने स्वतः माती खाल्ली त्यालाच ते दिसते. जोडीला एखादी ओवी, पोवाड्याचा बाज आणि गावकीचा विनोद असला की दूर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कुस्ती दिसू लागते.

सातासमुद्रापलीकडेही असा एक गडी आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस गावचा जेरी लॉलर १९७० साली कुस्तीत उतरला. तिकडच्या धंदेवाईक कुस्तीत हारजीत आधीच ठरलेली असते. निम्मी कुस्ती, निम्मे नाटक. तरी आपटण्याचा मार खराच. या गड्याने गाण्यांच्या तबकड्याही काढल्या आणि १९९२ पासून दूरचित्रवाणीवर समालोचन करून तो घराघरांत पोचला. पण शरीराने त्यालाही हिशेब मागितला. १० सप्टेंबर २०१२ रोजी माँट्रियल येथे, बासष्टाव्या वर्षी, तो कुस्ती खेळला आणि मग समालोचनाला बसला. बोलता बोलताच हृदयविकाराचा झटका आला. वैद्यकीय मदत हाताशी होती म्हणून जीव वाचला. आवाज म्हातारपणीही साथ देतो. अंगाला मात्र वेळेवर विश्रांती द्यावी लागते.

आपल्या देवळीचे रामदास तडस हेही आखाड्यातलेच, विदर्भ केसरीचे मानकरी. २०१४ आणि २०१९ मध्ये वर्ध्यातून ते लोकसभेवर निवडून गेले. २०२४ मध्ये हरले. राजकारण ज्याचे त्याला. पण आखाड्यात कमावलेली ओळख आखाड्याबाहेरही उपयोगी पडते, एवढे त्यावरून दिसते.

म्हणून मायबापांनो, पोराला तालमीत जरूर पाठवा, पण शाळेचे दप्तर खुंटीला टांगू देऊ नका. गळा चांगला असेल तर संध्याकाळी भजनी मंडळात बसवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने गावेच्या गावे जागी केली. तो वारसा आपल्याच मुलखाचा आहे. बोलण्याची हातोटी असेल तर गावच्या दंगलीत माईक त्याच्या हाती द्या. आणि पंच कमिटीलाही एक सांगणे आहे. मल्लांच्या बक्षिसाबरोबर निवेदकाची आणि डफडेवाल्याची बिदागीही आधीच ठरवा. नारळ-टोपीवर त्यांची बोळवण करू नका. आवाजाला मोल मिळाले, तरच मातीतून उठलेल्या पोराला दुसरा डाव टाकता येईल.