गणिताचा फॉन्ट आधी, बाकीचं नंतर

लग्नपत्रिकेचा फॉन्ट ठरवायला आपल्याकडे अख्खं घर बसतं. "हे जरा वळणदार आहे", "हे फारच बोजड वाटतंय", "गणपतीच्या खाली हेच शोभेल"... पत्रिका लोक एकदा वाचतात, तारीख बघतात आणि फ्रीजवर ठेवून देतात. आणि जो प्रबंध तीन-चार वर्षं खपून लिहिला, किंवा ज्या नोट्स पुढे शंभर मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणार, त्यातल्या समीकरणांचा फॉन्ट कोण ठरवतं? बहुतेक वेळा कोणीच नाही. पदरात पडेल तो. ठरवलाच तर पत्रिकेसारखा, छान दिसतोय ना, झालं तर मग.

माझं मत या बाबतीत जरा कडक आहे. आधी मजकुराचा फॉन्ट निवडायचा आणि मग त्यात गणित कसंतरी बसवायचं, ही रीतच उलटी आहे. गणिताचा फॉन्ट आधी निवडावा. आणि निवडताना पहिली कसोटी एकच: दोन वेगळी चिन्हं एकसारखी दिसता कामा नयेत. सौंदर्य वगैरे त्यानंतर.

(घरच्या मंडळींपैकी गणिताचं नाव काढलं की ज्यांना घाम फुटतो त्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. एकही गणित सोडवायचं नाहीये. शिवाय इथे सूत्रं छापण्याऐवजी मी अक्षरांची नावंच लिहिणार आहे.)

एक उदाहरण देतो. द्रव पदार्थांच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला रेनॉल्ड्स नंबर भेटतो. पाइपातून पाणी संथ वाहतंय की खळाळत, याचा अंदाज त्यावरून येतो. सूत्र सोपं आहे: वेग गुणिले लांबी, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. वेगासाठी इंग्रजी व्ही आणि व्हिस्कॉसिटीसाठी ग्रीक न्यू. आता टाइम्सच्या वळणाच्या कित्येक फॉन्टांत तिरपा व्ही आणि ग्रीक न्यू ही जुळी भावंडं दिसतात. आईलाच काय तो फरक कळावा!

माझ्या भाचीच्या वर्गात अशाच नोट्स फिरत होत्या. तिने मला फोन करून विचारलं, "मामा, हे वरचं आणि खालचं एकच अक्षर आहे का रे? दोघांनी तर काटून टाकलंय." काटून टाकल्यावर उरते नुसती लांबी! ज्या संख्येला एककच असायला नको, तिला मीटर चिकटले. त्या मुलांना ढ म्हणणं सोपं आहे. पण कागदावर जे दिसलं तेच त्यांनी वाचलं होतं. मार्क त्यांचे गेले, फॉन्ट निवडणाऱ्याचे नाही.

"पण तोच फॉन्ट मजकुरात तर उत्तम वाचता येतो की!" असं कोणी म्हणेल. येतो ना. पण मजकुरात आपण सुटी अक्षरं वाचत नाही, शब्द वाचतो. एखादं अक्षर पुसट असलं तरी शेजारचे सांभाळून घेतात. गणितात अक्षर एकटं असतं, त्याला शेजार नाही. इंग्रजी ए की ग्रीक अल्फा, डब्ल्यू की ओमेगा, छोटा एल की एक, ओ की शून्य, हे सगळं त्या एका आकारावरून ठरवायचं असतं. तेही कधी कधी घातांकाच्या डोक्यावर बसलेल्या घातांकात, मुंगीएवढ्या आकारात.

आणि नुसत्या आकारावर भागत नाही. मजकुराचं इटॅलिक हे शेजारच्या अक्षराला खेटून बसण्यासाठी काढलेलं असतं. गणिताच्या इटॅलिकमध्ये दोन अक्षरं शेजारी आली म्हणजे गुणाकार, त्यामुळे त्यांना मोकळं बसवावं लागतं. एफच्या पुढे कंस आला तर एफचं नाक कंसाला घासता कामा नये. मोठ्या व्हीच्या पायाशी एन लिहिला तर तो त्याच्या कुशीत सरकायला हवा. कंस, वर्गमुळं, समाकलनाची चिन्हं पाहिजे तेवढी उंच व्हायला हवीत. मजकुराच्या साध्या फॉन्टमध्ये ही माहितीच नसते, मग तो कितीही देखणा असो.

टाइम्सचंच बघा. हा टाइप १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रासाठी तयार झाला. बातमीच्या अरुंद कॉलमात जास्त शब्द बसावेत आणि तरीही वाचता यावेत, हे त्याचं काम. ते त्याने चोख केलं. बातम्यांत समाकलन लागत नाही, त्यामुळे त्याचा विचार करायचं कारणच नव्हतं. गणितासाठी मोनोटाइप कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस टाइम्सच्या जोडीला वेगळे खिळे मुद्दाम तयार केले. म्हणजे "आहे तोच फॉन्ट तिरपा करा" हे उत्तर खिळ्यांच्या जमान्यातल्या कंपोझिटरलासुद्धा पटलेलं नव्हतं.

डोनाल्ड क्नूथ यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. १९७७ साली त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघणार होती. आधीची आवृत्ती खिळ्यांवर छापलेली. नव्या फोटोटाइपसेटिंगची प्रुफं आली आणि ती बघून गृहस्थ इतके नाराज झाले की हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तेच टेक. त्यासोबत फॉन्ट काढण्यासाठी मेटाफॉन्ट आणि त्यातून कॉम्प्युटर मॉडर्न हा फॉन्ट. थोड्या दिवसांचं म्हणून घेतलेलं काम दहाएक वर्षं पुरलं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की त्यांनी पाच, सात आणि दहा पॉइंटची अक्षरं वेगवेगळी काढली. पाच पॉइंटचं अक्षर म्हणजे दहाचं निम्मं केलेलं नव्हे. ते प्रमाणात जास्त रुंद आणि जाड असतं, म्हणून घातांकातही टिकतं. तिरप्या व्हीचं बूड गोल आणि न्यूचं टोकदार, हेही तिथे पाळलेलं आहे.

मग सरळ तोच का वापरू नये? जरूर वापरावा. वेळ नसेल तर लाटेकचा मूळचा फॉन्ट बदलूच नये, असंच मी सांगतो. त्याच्याबद्दल तक्रार असते ती बारीकपणाची. पडद्यावर आणि लेझर प्रिंटवर त्याच्या रेषा काहींना फार नाजूक वाटतात. ती तक्रार रास्त आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून मजकूर तेवढा टाइम्समध्ये नेऊन गणित जुन्या फॉन्टमध्ये ठेवणारे लोक आहेत. मग एकाच ओळीत जाडजूड शब्द आणि काडीपैलवान समीकरणं! तीच राशी वाक्यात एका वळणाची आणि सूत्रात दुसऱ्या वळणाची. वाचणारा अडखळतो आणि का अडखळतोय ते त्यालाही कळत नाही.

सुदैवाने आज पर्याय आहेत, तेही फुकट. २००१ साली युनिकोडच्या ३.१ आवृत्तीत गणिताच्या तिरप्या, जाड, स्क्रिप्ट वगैरे अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाल्या, कारण गणितात वळण बदललं की अर्थ बदलतो. (गंमत म्हणजे त्या तक्त्यात तिरप्या छोट्या एचची जागा रिकामी आहे. प्लँकचा स्थिरांक म्हणून तो आधीच दुसरीकडे नांदत होता!) मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ सोबत कॅम्ब्रिया मॅथ आणला आणि गणिताची सगळी मोजमापं फॉन्टच्याच पोटात ठेवायची सोय केली. तिकडे वैज्ञानिक प्रकाशन करणाऱ्या संस्थांनी मिळून १९९५ मध्ये सुरू केलेला स्टिक्स प्रकल्प २०१० मध्ये बाहेर पडला आणि २०१६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, स्टिक्स टू, आली. एवढ्या मोठ्या संस्थांना एका फॉन्टला पंधरा वर्षं लागली, यावरून काम केवढं आहे ते कळावं.

तर माझी शिफारस अशी. टाइम्सचं वळण हवं असेल तर स्टिक्स टू. पॅलॅटिनोचं मोकळं वळण आवडत असेल तर टेक जायर पॅजेला आणि त्याचा गणिताचा जोडीदार. जुनं वळण हवं पण अक्षरांचा साठा मोठा हवा, तर न्यू कॉम्प्युटर मॉडर्न. लिबर्टिनसही चांगला. यातले बरेच फॉन्ट वर्डमध्येही चालतात, त्यामुळे "आम्ही लाटेकवाले नाही" ही सबब चालणार नाही. लाटेकमध्ये जुन्या पद्धतीने टाइम्स हवा असेल तर न्यूटीएक्स पॅकेज घ्या. त्यात व्ही आणि डब्ल्यूची वेगळी रूपं निवडायचा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे, न्यूशी घोटाळा होऊ नये म्हणून! म्हणजे हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही.

फॉन्ट घेतला की तीन गोष्टी ठरवायच्या, आणि त्या एकदाच. पहिली, काय तिरपं आणि काय उभं. वस्तुमानाचा एम तिरपा, मीटरचा एम उभा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अवकलनाचा डी आणि नैसर्गिक लॉगॅरिदमचा ई हेही उभे. गणितज्ञ ते बहुधा तिरपेच ठेवतात. काहीही पाळा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पाळा. युनिकोड-मॅथ पॅकेजमध्ये चलांच्या अक्षरांचा तिरपेपणा एका पर्यायाने ठरतो, पण उभा डी, ई आणि एककं तुम्हालाच तशी लिहावी लागतात. (ते गणिताच्या इतर पॅकेजांच्या नंतर घ्यायचं, हे लक्षात ठेवा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.) दुसरी, मजकुराच्या आणि गणिताच्या छोट्या अक्षरांची उंची जुळवा. तिसरी, व्हेक्टरसाठी आणि मथळ्यांसाठी जाड अक्षरं आहेत का ते आधीच बघा. गणिताच्या बऱ्याच फॉन्टांना संपूर्ण जाड वजन नसतं आणि ते शेवटच्या रात्री कळतं.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. आपल्याला देवनागरी मजकूर आणि रोमन-ग्रीक गणित असा संसार एकत्र करायचा असतो. झीलाटेक किंवा लुआलाटेकमध्ये तो आता नीट होतो. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मला आवडतो. त्यात आपल्या वळणाचे ल आणि श आहेत आणि तो स्टिक्स टूवर काम केलेल्या टिरो टाइपवर्क्सचाच आहे. पण आकड्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. गणिताच्या फॉन्टांत देवनागरी आकडे सहसा नसतात. आणि आपला १ हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, हे रेल्वेच्या तिकिटावर चालेल, समीकरणात नाही. मी सूत्रांत आणि सूत्रांतून येणाऱ्या उत्तरांत इंग्रजी आकडे ठेवतो आणि पानं, प्रकरणं, साल यांना देवनागरी. भाषाप्रेमी मंडळी रागावतील. पण मराठीत विज्ञान वाचणाऱ्या मुलाला आकडा ओळखण्यात वेळ घालवावा लागू नये, हेही भाषाप्रेमच.

शेवटी चाचणी. एक पान करा. त्यात ए-अल्फा, व्ही-न्यू, डब्ल्यू-ओमेगा, एल-एक, ओ-शून्य अशा सगळ्या जोड्या शेजारी शेजारी लिहा. घातांकावर घातांक, अपूर्णांकात अपूर्णांक, उंच कंस, आय आणि जेवर टोपी, सगळं येऊ द्या. मग ते पान पडद्यावर मोठं करून बघत बसू नका. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा, दोन पानं एका पानावर लहान करून घ्या आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. आपल्याकडे नोट्स अशाच वाचल्या जातात. त्या कागदावर, विषय न शिकलेल्या माणसाला प्रत्येक जोडीतला फरक दाखवता आला तर फॉन्ट पास.

"एवढं कोण बघतंय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बरोबर आहे, कोणी बघत नाही. फॉन्ट नीट असला तर वाचणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जातच नाही. नीट नसला की मात्र तो स्वतःच्या बुद्धीवर शंका घेतो, "आपल्यालाच कळत नाही" म्हणतो आणि पान उलटतो. लिहिणाऱ्याची एक दुपार वाचवून आपण कितीजणांना असं पान उलटायला लावतो, याचा हिशेब कुठल्याच फॉन्टमध्ये नीट दिसणार नाही.

असो. भाचीचा प्रबंध सध्या स्टिक्स टूमध्ये चालू आहे आणि न्यूला टोक आहे. तुमच्यापैकी कोणी वेगळी जोडी वापरत असेल तर जरूर कळवा. चाचणीचं पान सोबत असलं तर उत्तमच, झेरॉक्सवालं.