हौतात्म्याची मोहिनी

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसमवेत इराकला गेले आणि 'इस्लामिक स्टेट'च्या प्रदेशात नाहीसे झाले. ऑगस्टमध्ये त्यांपैकी एक 'शहीद' झाल्याचा निरोप घरी आला. कुटुंबीयांनी त्याच्यासाठी अखेरची प्रार्थनाही केली. नोव्हेंबरमध्ये तोच तरुण जिवंत मायदेशी परतला व त्याला अटक झाली. खटल्याचे गुणदोष न्यायालयाच्या कक्षेतले. परंतु माणूस जिवंत असता त्याचे हौतात्म्य घरपोच व्हावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दारिद्र्य व बेकारी यांनी या घटनेचा पूर्ण उलगडा होत नाही. यांत अभियांत्रिकी शिकलेले तरुण होते. अशा तरुणांना खेचणारा प्रचार बुद्धीपेक्षा भावनेला हात घालतो. जुलै २०१४ पासून निघालेले 'दाबिक' हे देखणे नियतकालिक, वाद्यांविना गायिलेली समूहगीते, मृताच्या मुखावरील स्मित, परस्परांना 'बंधू' म्हणणारी अनोळखी माणसे, ही त्याची साधने. एकाकी मुलाला प्रथम जिव्हाळा लाभतो. सिद्धान्त मागाहून येतो.

हा एका धर्माचा रोग नव्हे. तमिळ वाघ २७ नोव्हेंबरला आपला वीरदिन पाळीत. विदर्भातच, गडचिरोलीच्या अरण्यात, माओवाद्यांनी मृत साथींचे स्तंभ उभारले. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचे बळी घेणाऱ्याने तो संहार थेट प्रक्षेपित केला. त्यालाही भक्त लाभले. या सर्व व्यवहारांत वैभव संघटनेच्या पदरी पडते आणि किंमत मात्र मारले गेलेले निरपराध व मरणाऱ्याचे घर मोजते. म्हणूनच त्या देखण्या चित्रांत रडणाऱ्या आईला सहसा जागा नसते.

२०१५ मध्ये देशातील एक हजाराहून अधिक उलेमांनी 'इस्लामिक स्टेट'विरुद्ध फतवा काढला, ते योग्यच झाले. परंतु फतव्याने युक्तिवाद खोडता येतो. गाण्याची ओढ खोडता येत नाही. त्या ओढीला दुसरी, अधिक सकस ओढच पर्याय ठरू शकते.

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या एका कारागीर तरुणाने चित्रफिती पाहून हेलिकॉप्टर बनविण्याचा ध्यास घेतला. २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी अपघाताने त्याचा प्राण गेला. पडदा तोच, काही तरी अचाट करून दाखविण्याची भूकही तीच. परंतु त्याला मरायचे नव्हते, उडायचे होते. त्याला हवी होती ती प्रयोगशाळा आणि एखादा जाणता मार्गदर्शक. गावोगावी ही भूक ओळखणारा शिक्षक, ग्रंथालय, कार्यशाळा व क्रीडांगण नसेल, तर तिला ओळखणारे दुसरे कोणी तरी दूर बसलेलेच आहे.