लांडा, सुंता आणि सर्कमसिजन

मराठीत मुसलमानासाठी जी शिवी सर्वांत सहज तोंडात येते ती 'लांड्या'. लांडा म्हणजे शेपूट तुटलेला, आखूड. बैल लांडा असतो, कुत्रा लांडा असतो, नसत्या उठाठेवीलाही आपण लांडा कारभार म्हणतो. मुसलमानाला लांड्या म्हणताना बोट कुठे दाखवलेलं असतं हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. क्रिकेटची मॅच असो, निवडणूक असो की रिक्षाचं भाडं, भांडण कशावरूनही सुरू झालं तरी ते आमच्या चड्डीपाशी येऊन थांबतं.

माझं म्हणणं असं की या शिवीचा सुंतेशी काडीचाही संबंध नाही. आणि दुसरं म्हणणं, जे आमच्यातल्या काहींना झोंबेल: या शिवीच्या आडोशाला आमच्यातली हयगय सुखाने नांदते आहे.

संबंध असता तर बेने इस्रायलींनाही ही शिवी मिळाली असती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज आले असं ते सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं आणि घरात मराठी. शतकानुशतकं ते मुलाची सुंता आठव्या दिवशी करत आले. शेजाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? एकाच आळीत राहणारे, एकाच विहिरीवर पाणी भरणारे लोक. तरीही मराठीने त्यांना नाव दिलं ते त्यांच्या सुट्टीवरून, सुंतेवरून नाही.

मी पावण्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. आमच्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला ठाण्यात 1879चं सिनेगॉग आहे, दुसऱ्या बाजूला पनवेलमध्ये त्याहूनही जुनं आहे. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं, मलाही. तेव्हा कोणी त्यांच्या मुलांच्या शरीराची चौकशी केली नाही. करूही नये. मुद्दा एवढाच की कातडी तीच, कापणं तेच, पण एकाच्या बाबतीत ती 'त्यांची परंपरा' आणि दुसऱ्याच्या बाबतीत गद्दारीची खूण.

इतिहासाचा दाखला हवा असेल तर तोही घ्या. सभांमधून कवी भूषणाच्या नावावरचं एक कवन नेहमी ऐकवलं जातं. शिवाजी महाराज नसते तर सगळ्यांची सुंता झाली असती, असा त्याचा भाव. टाळ्या पडतात. त्याच महाराजांनी नेतोजी पालकरांचं काय केलं हे मात्र त्या सभेत कमी सांगितलं जातं. 1667 साली औरंगजेबाने नेतोजींना मुसलमान करून मुहम्मद कुलीखान केलं. 1676 साली ते परत आले आणि महाराजांनी त्यांना सन्मानाने जवळ घेतलं. कापलेली कातडी काही परत उगवली नव्हती. महाराजांना माणूस हवा होता, त्यांना त्याने अडचण झाली नाही. साडेतीनशे वर्षांनी त्यांचं नाव घेणाऱ्यांना होते.

आता पावण्यातलीच एक गोष्ट. आमच्या खात्यात एक आगरी पोरगा आहे, इथल्याच गावचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला चाचा म्हणतो. एकदा दुसऱ्या पाळीत त्याने मला स्टोअरच्या मागे बोलावलं. आवाज खाली. "चाचा, डॉक्टरनी पोराचं सर्कमसिजन सांगितलंय. म्हणजे तुमच्यातलंच ना ते?" मुलगा चार वर्षांचा. लघवी करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगायची, सारखा ताप, जळजळ. महिनाभर मलम लावून झालं होतं, फरक नव्हता. त्याला विचारायचं होतं की किती दिवस दुखतं, अंघोळ कधी घालायची, चड्डी कधीपासून चालते. मी सांगितलं. मग खरा प्रश्न आला. शाळेच्या मुतारीत पोरांनी बघितलं तर? आणि उद्या कुठे दंगल झाली तर? घरात आजीने विचारलं होतं की नातवाला आता मुसलमान करणार का.

ऑपरेशन झालं, पोरगा आठवड्यात बागडायला लागला. रजेच्या अर्जावर कारण होतं 'मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन'. सगळ्या खात्याला हर्नियाच माहीत आहे. मी त्याला दोष देत नाही. मुलाची लघवी मोकळी व्हावी म्हणून केलेल्या इलाजावर एका हिंदू बापाला पांघरूण घालावं लागलं, हे कोणामुळे, याचा विचार लांड्या म्हणणाऱ्यांनी करावा. शिवी माझ्यासाठी घडवली होती. ती त्याच्या घरात जाऊन बसली.

दंगलीची त्याची भीती पोकळ नव्हती. 1992-93च्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. त्या दिवसांत अडवून पँट उतरवायला लावल्याच्या आठवणी सांगणारे लोक अजून हयात आहेत. मंटोने फाळणीवर चार-सहा ओळींची एक कथा लिहिली आहे: सुरा पोटातून खाली जातो, पायजम्याची नाडी तुटते आणि मारणाऱ्याला कळतं की आपण भलत्यालाच मारलं. जिथे कातडी हेच ओळखपत्र होतं, तिथे डॉक्टरचं सर्टिफिकेट वाचायला कोण थांबणार?

इथवर वाचून माझे मुसलमान वाचक खूश झाले असतील. आता जरा आपल्याकडे वळू.

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो: सायन्सनेही सुंता मानली! त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात चाचण्या झाल्या, पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 60% कमी झाली, आणि 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. पण ती शिफारस त्या साथीने पोळलेल्या देशांसाठी होती, स्वेच्छेने आणि डॉक्टरकडून करून घेण्यासाठी होती, आणि निरोध सोडा असं तिने कुठेही म्हटलं नव्हतं. अमेरिकेत 2010 साली दवाखान्यात जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे 58% मुलांची सुंता झाली. त्यातली बहुतेक घरं ना मुसलमान, ना ज्यू. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली सांगितलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सर्व नवजात मुलांची करा असं सांगण्याइतके नाहीत. हे पूर्ण वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि मुळात आपल्याला त्या आधाराची गरज काय? आपण सुंता करतो ती इब्राहिम अलैहिस्सलाम यांची सुन्नत म्हणून. कुरआनात तिचा उल्लेख नाही, हदीसमध्ये आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्याकडे ती वाजिब. आमच्या कंपनीतले उत्तर प्रदेशचे, बिहारचे भाऊ हनफी, त्यांच्याकडे ती सुन्नत. वय मात्र कोणीच एका आकड्यावर बांधून ठेवलेलं नाही. उद्या एखाद्या संशोधनात फायदा शून्य निघाला तर आपण सुंता सोडणार आहोत का? नाही ना? मग एचआयव्हीचे आकडे कशाला मिरवायचे?

मिरवण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारूया. गावाकडे खलिफा यायचा, पोराला उलट्या पातेल्यावर बसवायचे, 'वर बघ, सोन्याची चिडिया' म्हणायचे, आणि जखमेवर जाळलेल्या कापडाची राख. तो काळ तसा होता. पण आज, दहा मिनिटांवर दवाखाना असताना, घरच्या चटईवर, भूल न देता, एकच वस्तरा तीन भावांना का? मे महिन्यात शिबिरं भरतात, फुकट असतात, रांग लागते. तिथे मुलाची आधी तपासणी होते का? लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर त्या मुलाची सुंता करायची नसते, कारण पुढे दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते. घरात कोणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर आधी रक्त तपासावं लागतं. हे सांगितलं की उत्तर येतं: आपल्या बापदादांना काय झालं? आणि जरा जोर लावला की दुसरं उत्तर: तुम्हीही त्यांच्यासारखंच बोलायला लागलात.

त्यांच्यासारखं, म्हणजे शिवी देणाऱ्यांसारखं. बाहेर कोणी लांड्या म्हणतो म्हणून आत वस्तऱ्याबद्दल बोलायचं नाही. ही सोय ज्यांना हवी आहे ते शिवी देणाऱ्यांवर मनातून फार रागावलेले नसतात, असं मला कधी कधी वाटतं.

याच सोयीतून मुलींचा खतनाही सुंतेच्या पंगतीत बसवला जातो. बोहरा समाजातल्याच बाया त्याविरुद्ध बोलत आहेत, 2017 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलींच्या बाबतीत स्पष्ट सांगते की आरोग्याचा फायदा एकही नाही, नुकसानच आहे. दोन्हींना एकच नाव दिल्याने दोन्ही एक होत नाहीत.

राहिला मुलाच्या संमतीचा प्रश्न. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने 2012 साली चार वर्षांच्या मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली. मुसलमान आणि ज्यू संघटना एकत्र विरोधात उभ्या राहिल्या, त्याच वर्षी संसदेने कायदा करून परवानगी दिली, पण सुंता वैद्यकीय नियमांनुसारच व्हायला हवी, ही अट घालून. मी माझ्या दोन्ही मुलांची सुंता केली, दवाखान्यात, भूल देऊन, त्यांना न विचारता. पुन्हा वेळ आली तरी करीन. आईबाप मुलांसाठी धर्म, भाषा, शाळा, सगळं न विचारताच निवडतात. पण संमतीचा प्रश्न विचारणाऱ्याला मी इस्लामचा दुश्मन म्हणणार नाही. तो मुलाच्या शरीराबद्दल बोलतोय. लांड्या म्हणणारा मुलाबद्दल बोलतच नाही.

येत्या मे महिन्यात तुमच्या मोहल्ल्यात शिबिर असेल तर नाव नोंदवण्याआधी जमातच्या लोकांना एवढंच विचारा: भूल कोण देणार, हत्यारं कुठे उकळणार, आणि रात्री दोन वाजता रक्त आलं तर फोन कोण उचलणार.