‘नक्षल समर्थित’ हा शब्द कुठून आला?

काही वर्षांपूर्वी एटापल्ली तालुक्यातल्या काही ग्रामसभांनी खाणीविरोधात धरणं दिलं. मी बातमी पाठवली. तेव्हा ज्या पेपरात होतो, तिथल्या डेस्कने मथळा केला ‘खाणीविरोधात नक्षल समर्थित आंदोलन’. माझ्या कॉपीत तो शब्द नव्हता. पोलिसांच्या प्रेसनोटमध्येही नव्हता. पण बातमीवर नाव माझं. आठ दिवसांनी त्या गावचा एक म्हातारा बसस्टँडवर भेटला. म्हणाला, “भाऊ, आमच्या घरी भात खाल्ला ना तुम्ही? मंग नक्षल कोण होता तिथं, सांगा.” मी चहा पाजला. दुसरं काय करणार?

सूरजागडचा मामला तसा साधा आहे. २००७ साली ३४८ हेक्टरची लीज झाली. त्या पहाडावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. पेसा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. मग ग्रामसभेला विचारलं का, एवढाच लोकांचा प्रश्न. विचारलं असेल तर कागद दाखवा! उत्पादन ३० लाखांवरून एक कोटी टनांवर न्यायचं होतं, त्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती थेट गडचिरोलीत. पहाडाखालच्या माणसाने मजुरी बुडवून तिथवर यायचं कसं? ही खरी बातमी. पण २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथल्या गाड्या जाळल्या (खरंच जाळल्या, नाकारत नाही) आणि तेव्हापासून खाणीविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला आपल्याला धुराचा वास येतो.

दुसऱ्या बाजूचंही लेबल आहे. ‘खबरी’. जानेवारी २०१९ मध्ये भामरागडकडच्या कसनासूरच्या तीन आदिवासींना माओवाद्यांनी मारलं. एप्रिल २०१८ च्या चकमकीत ४० जण मेले ते यांच्याच खबरीमुळे, असा त्यांचा आरोप. आपण नेहमी काय छापतो? ‘खबरी असल्याच्या संशयावरून हत्या’. मारणाऱ्याचा आरोप आपण बातमीत कारण म्हणून टाकतो. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, बरं पडतं.

आणि ते ४० जण? ‘कंठस्नान’ हा आपल्या डेस्कचा लाडका शब्द. गट्टेपल्लीची माणसं विचारत होती, लग्नाला निघालेली आमची पोरं कुठं आहेत? पोलीस म्हणत होते, ती दलममध्ये भरती झाली होती. कोण खरं, हे शोधायला गावात जावं लागतं. मथळ्यातच कंठस्नान घातल्यावर जातो कोण?

२०२५ च्या जुलैत जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. म्हणून सांगतो, आजचा मथळा उद्या कोणाच्या तरी फाइलीत कात्रण म्हणून लागू शकतो.

नक्षलवादी म्हणायला मी घाबरत नाही. बंदूक घेऊन गावात येतो, चिठ्ठी टाकून माणूस मारतो, त्याला म्हणतोच. तहसीलदाराला निवेदन देणाऱ्याला का म्हणू?

परवा अशाच एका धरण्याची बातमी पाठवली. किती गावं, ठराव कोणत्या तारखेचा, मागणी काय. डेस्कचा फोन आला, “भाऊ, यात अँगल काय?” म्हटलं, ठरावाची तारीख. छापून आली. आतल्या पानावर, सहा ओळी.