दहा लाख पौंड जाळणारा माणूस आणि आमचा डीजेवाला पोरगा

थोडं लांबलंय. वेळ असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात चौकातला एक पोरगा ऑफिसात आला. ऑफिस म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली, तुम्हाला माहितीच आहे. पोरगा जुन्या गाण्यांना बीट लावून डीजे मिक्स बनवतो. म्हणाला, "सर, एक बातमी लावा ना आपली. आणि गाणं हिट कसं करायचं ते पण सांगा, तुम्ही एवढं वाचता." बातमी लावतो म्हटलं. दुसऱ्या प्रश्नावर मला बिल ड्रमंड आठवला. पोराला पाचच मिनिटं वेळ होता, म्हणून सगळं सांगता आलं नाही. ते इथे सांगतो.

ड्रमंडचा जन्म १९५३ चा, दक्षिण आफ्रिकेतला. वाढला स्कॉटलंडमध्ये आणि नंतर इंग्लंडातल्या कॉर्बी या पोलादाच्या गावात. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगं आर्ट स्कूलला गेलं, मग लिव्हरपूलच्या बँडांच्या नादी लागलं. 'एको अँड द बनीमेन'सारख्या बँडचा मॅनेजर झाला, रेकॉर्ड कंपनी चालवली. १९८७ मध्ये जिमी कॉटी नावाच्या दोस्ताबरोबर त्याने जे सुरू केलं, ते म्हणजे थेट आमच्या पोराचाच धंदा. दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे उचलायचे, खाली ठोका लावायचा, वर आपली बडबड. पहिल्याच अल्बमला 'अबा' बँडच्या बाजूने हरकत आली. हे दोघं समजूत घालायला गाडी घेऊन स्वीडनला गेले, भेट काही झाली नाही, मग उरलेल्या रेकॉर्डी एका शेतात जाळल्या आणि काही परतीच्या बोटीवरून समुद्रात फेकल्या. जाळायची सवय तेव्हापासूनची म्हणायची.

१९८८ मध्ये 'डॉक्टर हू' मालिकेच्या धूनवर बनवलेलं त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. आणि यांनी काय करावं? लगेच पुस्तक काढलं, 'द मॅन्युअल', एक नंबरचं गाणं सोप्या पद्धतीने कसं करावं याचं. पहिली अट अशी की माणूस कफल्लक आणि बेकार हवा. स्टुडिओ कसा ठरवायचा, बँकेच्या मॅनेजरशी काय बोलायचं, सगळं बैजवार लिहिलंय. गंमत वाटेल, पण 'एडेलवाइस' नावाच्या ऑस्ट्रियन मंडळींनी हे पुस्तक वाचून गाणं बनवलं आणि ते युरोपभर चाललं. त्यातही उचललेली चाल 'अबा'ची! पोराला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पस्तीस वर्षांपूर्वीच छापून झालंय. त्याने विचारलं, "यूट्यूबवर आहे का?"

तर १९९१ पर्यंत 'द केएलएफ' या नावाने हे दोघं ब्रिटनमधले सगळ्यात खपणारे लोक झाले. फेब्रुवारी १९९२ मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात ड्रमंडने स्टेजवरून मशीनगनच्या खोट्या गोळ्या प्रेक्षकांवर झाडल्या, आणि नंतरच्या पार्टीच्या दारात मेलेली मेंढी नेऊन टाकली. पुरस्कार त्यांनाच मिळाला होता, हे विशेष. मे महिन्यात जाहिरात देऊन धंदा बंद केला आणि ब्रिटनमधली स्वतःची सगळी गाणी बाजारातून काढून टाकली.

लोक मेंढीची आणि मशीनगनची गोष्ट सांगतात. मला विचाराल तर खरी दमाची गोष्ट ही दुसरी. चालू दुकानाचं शटर आपल्या हाताने खाली ओढायचं आणि माल पण विकायचा नाही. आपल्याकडे नगरसेवकाला पाच वर्षांनंतर खुर्ची सोडवत नाही.

पुढे या जोडीने 'के फाउंडेशन' काढलं. १९९३ मध्ये टर्नर पुरस्कार होता २० हजार पौंडांचा, तो रेचल व्हाइटरीड या शिल्पकार बाईंना मिळाला. त्याच संध्याकाळी यांनी वर्षातल्या सगळ्यात वाईट कलाकाराला ४० हजारांचा पुरस्कार दिला, तोही त्यांनाच. पैसे घ्या नाहीतर जाळतो, अशी धमकी. बाईंनी घेतले आणि गरजू कलाकारांना आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. त्या प्रसंगात शहाणं माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग ती रात्र. २३ ऑगस्ट १९९४, स्कॉटलंडचं जुरा बेट. ऑर्वेलने आपली '१९८४' कादंबरी लिहिली तेच हे बेट. तिथल्या एका बोटघरात शेकोटी पेटवून या दोघांनी दहा लाख पौंड जाळले. पन्नास-पन्नासच्या वीस हजार नोटा, त्यांची स्वतःची कमाई. एका मित्राने शूटिंग केलं आणि साक्षीला एक फ्रीलान्स पत्रकार नेला होता, जिम रीड. त्याने नंतर लिहिलं की आधी अपराधी वाटलं, मग लवकरच कंटाळा आला.

हा कंटाळा मला फार पटला, कारण मी त्या जागी स्वतःला बसवून पाहिलं. कॉलमच्या हिशेबाने पैसे घेणारा माणूस, समोर नोटा जळतायत, आणि थोड्या वेळाने तो घड्याळ बघतो. मी मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कंटाळा येण्याआधी दोन-चार नोटा खिशात घातल्या असत्या.

बरोबर एका वर्षाने तोच सिनेमा त्यांनी जुराच्या लोकांना नेऊन दाखवला, मग गावोगाव. लोक चिडले, गरिबांना का दिले नाहीत म्हणाले. या प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे. तेच पैसे त्यांनी मोटारी नि बंगल्यांवर उडवले असते तर कोणी विचारलं नसतं. शिवाय नोट जळाली म्हणून भाकरी जळत नाही. नोट म्हणजे बँकेचं देणं, ते जळालं की फायदा बँकेचाच. कागद कधी पैसा असतो आणि कधी नसतो, हे २०१६ च्या नोव्हेंबरात रांगेत उभं राहून आपण सगळे शिकलोय.

पण म्हणून मी त्याला टाळ्या वाजवत नाही. जाळायला आधी असावे लागतात. २००४ मध्ये त्याने स्वतः कबूल केलं की पश्चात्ताप होतो, आणि त्याच्या पोरांना तर जास्तच होतो. त्या पोरांची बाजू मला सगळ्यात खरी वाटते. आमच्या घरीही माझ्या तत्त्वांचा हिशेब बायको ठेवते.

मला हा माणूस आवडतो तो नंतरच्या कामांमुळे. वीस हजार डॉलरला घेतलेलं रिचर्ड लाँगचं चित्र त्याने वीस हजार तुकडे करून एक-एक डॉलरला विकायला काढलं, आणि त्या खटाटोपाचं पुस्तक लिहिलं. 'द सेव्हनटीन' नावाचं गायकवृंद काढलं, ज्यांचं गाणं रेकॉर्ड करायचं, गाणाऱ्यांनाच एकदा ऐकवायचं आणि पुसून टाकायचं. २१ नोव्हेंबर हा 'नो म्युझिक डे' ठरवला. कारण २२ तारीख सेंट सिसिलियाची, संगीताच्या संतीणबाईंची. (मिरवणुकीच्या दिवसांत हा दिवस आपल्याकडे आणावा असं मला दरवर्षी वाटतं, पण डीजेवाले माझे जाहिरातदार आहेत.) नकाशावर बेलफास्ट आणि नॉटिंगहॅममधून जाणारी सरळ रेघ मारली, आणि त्या रेघेवर राहणाऱ्या कोणी बोलावलं की त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन सूप करून द्यायचं. दहा लाख जाळण्यापेक्षा हे मला अवघड वाटतं. परक्याच्या घरात कांदा चिरून बघा.

२०१४ पासून पुढची बारा वर्षं त्याने जगभर फिरायचं ठरवलं, त्यात आपलं कोलकाताही आलं. पॉल ड्वेनच्या २०१९ च्या माहितीपटात ते दिसतं. तिथे तो रस्त्यावर लोकांचे बूट पॉलिश करतो, खाट बनवतो, केक वाटतो. बूट पॉलिशपाशी मी अडकलो. ज्या फुटपाथवर हे काम पोटासाठी चालतं, तिथे हौसेने ब्रश घेऊन बसायचं? कला असेल, पण शेजारच्या पॉलिशवाल्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मला त्या सिनेमापेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. आमच्या डिप्लोमाच्या सरांनी एक गोष्ट बरी शिकवली होती. फोटोत मध्ये उभा असतो त्याच्या बाजूच्याला नाव विचारा.

आणि १ जानेवारी २०२१ ला केएलएफची गाणी परत आली, ऑनलाइन, सगळ्यांसाठी. लोक खूश. मला मात्र चुटपुट लागली. एवढं ठामपणे पुसलं होतं, मग परत कशाला?

चुटपुटीचं कारण माझंच आहे. मी चौदा वर्षं ज्या साप्ताहिकात राबलो, ते बंद पडल्यावर सगळ्या फायली रद्दीत गेल्या. किलोच्या भावाने. वेबसाइट होती, तिचे पैसे कोणी भरले नाहीत, तीही गेली. पाणीटंचाई, बाजार समितीची भानगड, शाळेचं पडलेलं छप्पर, माझं नाव टाकून छापलेलं सगळं. ड्रमंडने स्वतःचं पुसलं ते स्वतःच्या मर्जीने, आणि वाटलं तेव्हा परत आणलं. माझं मला न विचारता पुसलं गेलं. त्याची कला आणि माझी रद्दी यात फरक एवढाच आहे, पण तो रात्री झोपू देत नाही.

पोराची बातमी परवा लावली, दोन कॉलम, फोटोसह. तो अंक घेऊन गेला आणि विचारलं, "सर, लिंक नाही का?" त्याला म्हटलं, बाबा, अंकच जपून ठेव.

तर मंडळी, एक काम आहे. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, दुकानाच्या फळीखाली पेपर म्हणून अंथरलेले का होईना, आमच्या त्या साप्ताहिकाचे जुने अंक असतील तर कमेंटमध्ये कळवा. नाव लिहीत नाही, गावातल्यांना माहीत आहे. फाटलेले, तेलकट, कसेही चालतील. फोन करा, रविवारी मी गाडी घेऊन येतो.