करार पुण्यात, काळजी शेगावात
सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भागीदारीचे विदर्भातील तरुणांसाठी महत्त्व

शेगाव येथे १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि बुलडाणा जिल्ह्यातील तरुणांना अभियंता होण्याची वाट घराजवळ मिळाली. नोकरीसाठी मात्र संगणक अभियंत्याला आजही पुणे किंवा नागपूर गाठावे लागते. त्यामुळे तेथील कंपन्या मोठ्या उद्योगांशी कोणत्या अटींवर हातमिळवणी करतात, याचे बरेवाईट परिणाम घाटाखालच्या खामगाव, मलकापूरमधील घरांपर्यंत पोहोचतात.

पुण्यातील केपीआयटीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेक ही कंपनी केपीआयटीत विलीन झाली आणि 'केपीआयटी कमिन्स' हे नाव रूढ झाले. इंजिन बनविणारा उद्योगसमूह एकाच वेळी ग्राहकही होता आणि भागीदारही. कामाची शाश्वती आणि वाहन उद्योगाचे सखोल ज्ञान, असा दुहेरी लाभ त्यातून झाला. २०१३ मध्ये नावातून 'कमिन्स' गेले. २०१९ मध्ये बिर्लासॉफ्टबरोबरच्या फेररचनेनंतर केपीआयटीने केवळ वाहनांच्या सॉफ्टवेअरवर लक्ष केंद्रित केले. पुढे २०२२ मध्ये रेनॉ कंपनीने सॉफ्टवेअरसाठी धोरणात्मक भागीदार म्हणून तिची निवड केली. एका भागीदाराकडून मिळालेली शिदोरी दुसऱ्या भागीदाराच्या दारात कामी आली, असे म्हणता येईल.

एकाच ग्राहकाची सावली

पर्सिस्टंट सिस्टिम्सचा मार्ग वेगळा होता. २०१६ मध्ये या कंपनीने आयबीएमच्या काही उत्पादनांच्या विकासाची जबाबदारी घेतली. उत्पादन घडवायचे पुण्याच्या कंपनीने आणि विकायचे मुख्यत्वे आयबीएमने, अशी ही विभागणी होती. अशा व्यवस्थेत उत्पन्नाची नाडी विक्री करणाऱ्याच्या हाती राहते. त्याचे प्राधान्य बदलले, तर विकास करणाऱ्याचा हिशेब कोलमडू शकतो. एचसीएलने याच आयबीएमशी आधी विकासाची भागीदारी केली आणि पुढे नोट्स, डॉमिनोसह काही उत्पादने सुमारे १८० कोटी डॉलरना विकतच घेतली. हा व्यवहार २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यातून मालकी मिळाली, पण बाजारातील जोखीमही पूर्णपणे पदरी आली.

भागीदारीची कसोटी करारावर सह्या झाल्यानंतरच लागते. बौद्धिक संपदा कोणाची, भागीदाराच्या स्पर्धकासाठी काम करता येईल का, महसूल कसा वाटायचा आणि वेगळे होताना संगणक प्रणाली व माणसे यांचे काय करायचे, हे आरंभीच ठरले नाही तर पुढे वाद अटळ ठरतात. दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांनी ठराविक काळाने एकत्र बसून कामाचा आढावा घेणे, हेही तितकेच आवश्यक असते. संबंध सांभाळणारा एकच अधिकारी असेल, तर त्याच्या बदलीबरोबर वर्षांचा विश्वासही निघून जातो.

एकाच खरेदीदारावर विसंबण्याचा अर्थ वऱ्हाडाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ पासून सुमारे तीन दशके येथील शेतकऱ्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना अनुभवली आहे. हमीचा आधार आणि चुकाऱ्यासाठीची ताटकळ, ही दोन्ही त्याला ठाऊक आहेत. सॉफ्टवेअर उद्योगातही एखादा मोठा करार संपला, की पहिली झळ अनेकदा नवख्या अभियंत्याला बसते. त्याला कामाविना थांबावे लागते किंवा त्याचे नेमणूकपत्र लांबणीवर पडते.

म्हणूनच महाविद्यालयात मुलाखतीसाठी येणाऱ्या कंपनीला केवळ वेतनाचा आकडा विचारून भागणार नाही. तिचे उत्पन्न किती ग्राहकांवर उभे आहे, हेही तपासायला हवे. नोंदणीकृत कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून त्याचा बराच अंदाज येतो. विद्यार्थ्यांना हे अहवाल वाचायला शिकविणे शेगावातही सहज शक्य आहे.