दोष आर्मचा नाही

इंटेलच्या यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार कंपाइल होणारे सी++ पॅकेज आर्मच्या लिनक्स सर्व्हरवर नेले की अडते. जीसीसी म्हणतो, उणे एक ही किंमत ‘चार’ (char) या प्रकारात मावत नाही. ओळ उघडावी तर महिरपी कंसातला साधा तक्ता, आणि ‘इथे काही नाही’ हे दाखवायला मधूनमधून उणे एक. बेस-64 उलगडणाऱ्या कोडमध्ये असे तक्ते नेहमी भेटतात. मग टीममध्ये निदान होते: आर्मचा प्रॉब्लेम आहे. ‘चार’ला जबरदस्तीने साइन्ड करणारा फ्लॅग मेकफाइलमध्ये कोंबला जातो, बिल्ड हिरवे होते आणि सगळे चहाला जातात.

आमच्या मते हे निदानच चुकीचे आहे. साधा ‘चार’ साइन्ड की अनसाइन्ड, हे सीच्या मानकाने ठरवलेलेच नाही. एक्स86 लिनक्सवर तो -128 ते 127, आर्म लिनक्सवर 0 ते 255. सुरुवातीच्या आर्म प्रोसेसरांत बाइट उचलतानाच चिन्ह पसरवणारी सूचना नव्हती, ती आर्मव्ही4 मध्ये आली. तोवर अनसाइन्ड हाच स्वस्त मार्ग होता आणि पुढे तोच रूढ झाला. आरआयएससी-व्ही लिनक्सवरही ‘चार’ अनसाइन्डच आहे. उलट अॅपलने आपल्या आर्म चिप्सवर तो साइन्ड ठेवला. त्यामुळे ‘माझ्या मॅकवर चालते’ हा आर्मवर चालण्याचा पुरावा होत नाही. त्याच मॅकवरच्या लिनक्स कंटेनरमध्ये तेच कोड वेगळे वागू शकते.

आर्मवर नेताना एसएसईची हेडर फाइल सापडत नाही, कॉन्फिगरची जुनी स्क्रिप्ट प्रोसेसरच ओळखत नाही, ही दुखणी सरळ आहेत. ती दिसतात, दुरुस्त होतात. तक्त्याची चूकसुद्धा कंपायलरने पकडली हे नशीबच. ‘गेटचार’चे उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ते ईओएफशी ताडणारे लूप आर्मवर निमूट कंपाइल होते आणि कधीच थांबत नाही, कारण ईओएफचा उणे एक ‘चार’मध्ये शिरताच 255 होतो, आणि 255 म्हणजे उणे एक नव्हे. जादा इशारे सुरू नसतील तर जीसीसी अवाक्षर काढत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. यूटीएफ-8 मध्ये ‘क’ म्हणजे 224, 164, 149 असे तीन बाइट, तिन्ही 127 च्या वर. देवनागरीचे प्रत्येक अक्षर असेच. यातला पहिला बाइट ‘चार’मधून उचलून थेट तक्त्याचा इंडेक्स म्हणून वापरला, तर आर्म लिनक्सवर 224 व्या घरात जाल आणि एक्स86 वर उणे 32 व्या, म्हणजे तक्त्याच्या बाहेर. इंग्रजीवर चाचणी घेणाऱ्याला हे कधी कळतच नाही. तेव्हा बिघडलेले यंत्र कोणते?

म्हणून फ्लॅगचा बोळा कोंबू नका. उणे एक ठेवायचा असेल तिथे ‘साइन्ड चार’ असे स्पष्ट लिहा, ‘गेटचार’चे उत्तर ‘इंट’मध्ये घ्या, आणि पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवा, आपल्याच शाखेत दडवून ठेवलात तर पुढच्या आवृत्तीला तेच रडगाणे. आर्मचे यंत्र हाताशी नसेल तर एक्स86 वरच ‘चार’ला अनसाइन्ड करणारा फ्लॅग लावून एकदा सगळ्या टेस्ट चालवा. त्यासाठी नव्या खरेदीची मंजुरी लागत नाही.